सरकार गिऱ्हाईक होतं तेव्हा

२२ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचे गव्हर्नर स्टीव्ह बुलक हेलेना हायस्कूलमधल्या संगणकाच्या वर्गात गेले. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. तिथल्या मुलांसमोर त्यांनी एक कार्यकारी आदेश जाहीर केला. आदेशात दंड नव्हता, तुरुंगवास नव्हता, कोणावर खटला भरण्याची तरतूदही नव्हती. म्हटलं होतं ते एवढंच, की १ जुलै २०१८ नंतर मोंटाना सरकार ज्या कंपनीशी इंटरनेट सेवेचं कंत्राट करेल, त्या कंपनीने राज्यातल्या आपल्या ग्राहकांशी नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वाने वागलं पाहिजे. तसं वागायचं नसेल तर खुशाल वागू नये, पण मग सरकारी कंत्राट विसरावं.

मोंटाना क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा बरंच मोठं आहे आणि लोकसंख्या मात्र सगळी मिळून दहा-अकरा लाख. तिथे जनावरं जास्त की माणसं, असा विनोद तिथले लोक स्वतःच करतात. अशा राज्याने देशभर जाळं पसरलेल्या बलाढ्य दूरसंचार कंपन्यांना अट घालावी, याचं तेव्हा बऱ्याच जणांना हसू आलं. बुलक यांनी मात्र आदेशाचा मसुदा इतर राज्यांनी उचलावा म्हणून मोकळा ठेवला होता. दोनच दिवसांत न्यू यॉर्कचे अँड्र्यू क्युओमो यांनी तसाच आदेश काढला. फेब्रुवारीत न्यू जर्सी, हवाई आणि व्हरमाँट ही राज्यं आली, एप्रिलमध्ये ऱ्होड आयलंड. व्हरमाँटचे गव्हर्नर फिल स्कॉट हे तर रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे ज्या पक्षाच्या केंद्रीय सत्तेने नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मोडीत काढले होते त्याच पक्षाचे.

नियम मोडीत निघाले होते वॉशिंग्टनमध्ये, जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी.

नेट न्यूट्रॅलिटीचा अर्थ थोडक्यात असा. तुमच्या घरापर्यंत इंटरनेट आणून देणाऱ्या कंपनीने त्या तारेतून काय जातंय यावरून भेदभाव करू नये. कायदेशीर मजकूर अडवू नये, एखादं संकेतस्थळ किंवा ॲप मुद्दाम मंद करू नये आणि कोणाकडून पैसे घेऊन त्याचा माल पुढे काढू नये. यातला धोका काल्पनिक नाही. २००७ मध्ये कॉमकास्ट ही मोठी केबल कंपनी बिटटोरंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीत गुपचूप अडथळे आणत असल्याचं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चाचणी घेऊन दाखवून दिलं. चाचणीसाठी त्यांनी वापरलेली फाइल होती बायबलची. चोरीच्या सिनेमांची ढाल पुढे करायला कंपनीला जागाच उरली नाही.

या सगळ्यावर देखरेख करायची ती एफसीसीने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने. पाच सदस्यांची ही संस्था. सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त सदस्य असू शकत नाहीत. साहजिकच सत्ता बदलली की बहुमत बदलतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉम व्हीलर अध्यक्ष असताना आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी नेट न्यूट्रॅलिटीचे कडक नियम केले. १४ डिसेंबर २०१७ रोजी अजित पै अध्यक्ष असताना तीन विरुद्ध दोन मतांनीच ते रद्द केले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये ते परत आणले, पुन्हा तीन विरुद्ध दोन. एका प्रश्नाचं उत्तर नऊ वर्षांत तीनदा फिरतं आणि प्रत्येक वेळी आकडा तोच असतो, तेव्हा तो प्रश्न तज्ज्ञांच्या हातात आहे असं म्हणणं अवघड जातं.

पै यांच्या आदेशात आणखी एक कलम होतं आणि या लेखाचं मूळ तिथे आहे. केंद्राने नियम काढले, आता राज्यांनीही स्वतःचे नियम करायचे नाहीत, असा मनाई हुकूमच आयोगाने सोडला होता. इंटरनेट राज्यांच्या सीमा ओळखत नाही, पन्नास राज्यांनी पन्नास तऱ्हेचे नियम केले तर कंपन्यांनी धंदा कसा करायचा, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता. पण राज्यांचे रस्ते त्यामुळे बंद झाले. थेट कायदा करावा, तर दुसऱ्या दिवशी कोर्टात तो पडण्याची भीती. वॉशिंग्टन राज्याने मार्च २०१८ मध्ये ती जोखीम पत्करून देशातला असा पहिला कायदा केला. बाकीच्यांनी वेगळी वाट शोधली. सरकारला नियम करायला मनाई आहे, पण खरेदी करायला तर नाही?

राज्य सरकार हे इंटरनेटचं फार मोठं गिऱ्हाईक असतं. विद्यापीठं, न्यायालयं, तुरुंग, महामार्ग पोलीस, वाहन नोंदणीची कार्यालयं, आरोग्य खातं, हजारो कर्मचाऱ्यांचे मोबाइल, या सगळ्याची जोडणी कोणत्या ना कोणत्या कंपनीकडून घ्यावी लागते. मोठ्या शहरात या कंत्राटावर कोणाचं पोट नसतं. पण मोंटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यात, जिथे दोन गावांमध्ये पन्नास-पन्नास मैल कुरणं आहेत, तिथे केबल टाकण्याचा खर्च भरून निघण्यासाठी सरकारसारखं खात्रीचं गिऱ्हाईक लागतंच. लोकसंख्येने राज्य लहान असलं तरी त्याचा शब्द वजनदार होता तो यामुळे.

खरेदीच्या अटींमधून सामाजिक धोरण राबवण्याची युक्ती अमेरिकेत जुनी आहे. कृष्णवर्णीय कामगारांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याचा इशारा दिल्यावर जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला, की युद्धसाहित्याची सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कारखान्यांनी कामगार घेताना वंशभेद करायचा नाही. अमेरिकी काँग्रेसमधून असा कायदा त्या काळात मंजूर होणं अशक्य होतं, दक्षिणेतल्या सिनेटरांनी तो गाडूनच टाकला असता. कंत्राटाची अट मात्र एका सहीने लागू झाली.

रूझवेल्ट केंद्राचे होते. तेच काम एखादं राज्य करायला गेलं, तेही केंद्राने नेमकी उलट दिशा धरलेली असताना, तर कोर्ट काय म्हणेल? इथे अमेरिकी कायद्यातली एक कल्पना कामाला येते. तिथली न्यायालयं सरकारची दोन रूपं मानतात, एक बाजाराला नियम घालून देणारं आणि दुसरं बाजारात उतरून व्यवहार करणारं. दुसऱ्या रूपात वावरताना सरकारला कोणाशी व्यवहार करायचा हे बरंचसं खाजगी माणसासारखं ठरवता येतं. याचं गाजलेलं उदाहरण साउथ डकोटाचं. त्या राज्याचा स्वतःच्या मालकीचा सिमेंट कारखाना होता. १९७८ मध्ये सिमेंटचा तुटवडा पडला आणि राज्याने ठरवलं की आधी आपल्या लोकांना, उरलं तर बाहेरच्यांना. शेजारच्या वायोमिंगमधली रीव्हज नावाची काँक्रीट कंपनी आपलं जवळजवळ ९५ टक्के सिमेंट याच कारखान्यातून घेत असे. तिचा धंदा बसला. ती कोर्टात गेली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरली. कारखाना राज्याचा, सिमेंट राज्याचं, कोणाला विकायचं तेही राज्याने ठरवावं, असा निकाल होता.

मोंटानाचा आदेश याच मुद्द्यावर उभा होता. पण त्याच न्यायालयाचे दोन निकाल त्याच्या विरोधातही होते आणि ते अधिक बोचणारे.

पहिला विस्कॉन्सिनचा. पाच वर्षांत तीनदा कामगार कायदा मोडलेल्या कंपन्यांची नावं काळ्या यादीत घालायची आणि तीन वर्षं त्यांच्याकडून राज्याने काहीही विकत घ्यायचं नाही, असा त्या राज्याचा कायदा होता. ऐकायला अगदी रास्त. कायदा मोडणाऱ्याला सरकारने धंदा का द्यावा? १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं, की राज्याला इथे चांगला माल स्वस्तात मिळवण्याची चिंता नाही. त्याला कंपन्यांना शिक्षा करायची आहे. कामगार कायदा मोडल्याची शिक्षा काय, हे केंद्राने ठरवून ठेवलेलं आहे. त्यात राज्याने आपल्या पैशाच्या जोरावर भर घालायची नाही.

दुसरा मॅसॅच्युसेट्सचा. १९९६ मध्ये या राज्याने ब्रह्मदेशातल्या लष्करी राजवटीच्या निषेधार्थ कायदा केला. त्या देशात धंदा करणाऱ्या कंपनीने राज्याच्या टेंडरमध्ये बोली लावली, तर ती दहा टक्क्यांनी चढी आहे असं धरून तुलना करायची. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध अनेक राज्यांनी आणि शहरांनी हेच हत्यार वापरलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याचा परिणामही दिसला, अ‍ॅपलने १९९६ मध्येच ब्रह्मदेशातून काढता पाय घेतला. पण काही महिन्यांतच अमेरिकी काँग्रेसने ब्रह्मदेशावरच्या निर्बंधांचा स्वतःचा, थोडा सावध कायदा केला आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा एकमताने निकालात काढला.

या निकालांमधली रेघ नेमकी कुठे आहे, ते आपल्या गावातल्या उदाहरणाने सांगतो. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने किराणा दुकानदाराला बजावलं, की आमचा माल नीट तोलून द्यायचा, तर तो गिऱ्हाईक म्हणून बोलतोय. पण ‘गावातल्या प्रत्येकाला नीट तोलून द्यायचं, नाहीतर वसतिगृहाचं बिल बंद’ असं तो म्हणाला, तर त्याने वजनमाप निरीक्षकाचं काम अंगावर घेतलं. हेतू चांगला आहे, गावाला तो आवडेलही. पण वजनमाप निरीक्षक दुसराच कोणीतरी आहे आणि त्याने नुकतंच जाहीर केलंय की मी तराजू तपासणार नाही, कोणी तपासायचेही नाहीत.

मोंटानाचा आदेश दुसऱ्या प्रकारचा होता. सरकारी कार्यालयात येणाऱ्या जोडणीपुरती त्याची अट नव्हती. राज्यातल्या कोणत्याही ग्राहकाशी कंपनीने कसं वागायचं हे तो सांगत होता. न्यू जर्सीच्या आदेशाचाही रोख तोच. एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरातलं नेटफ्लिक्स मंद करायचं नाही, कारण राज्याची राजधानी ट्रेंटनमधल्या सरकारी कचेरीला त्याच कंपनीची लाइन आहे, असा तो संबंध. आदेशाचं बळ आणि त्याचा कच्चा दुवा दोन्ही इथेच होते. सरकारने फक्त आपल्या तारेपुरती अट घातली असती, तर कोणताही वकील त्याला हात लावू शकला नसता. पण त्यातून जनतेला काडीचा फायदा झाला नसता. महसूल खात्यातल्या कारकुनाचा यूट्यूब कोणी मंद केला तर लोकांचं काय बिघडतं?

निदान असं वाटत होतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सरकारच्या स्वतःच्या तारेचाच प्रश्न उभा राहिला.

जुलै २०१८ च्या अखेरीस उत्तर कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाचा वणवा पेटला. त्या राज्याच्या इतिहासातला तोवरचा तो सर्वात मोठा, साडेचार लाख एकरांहून अधिक रान त्यात जळालं. सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाने मदतीसाठी आपलं एक समन्वयाचं वाहन पाठवलं. कोणती गाडी कुठे आहे, माणसं कुठे कमी पडताहेत, आग कुठे सरकतेय, हा सगळा हिशेब त्या वाहनातून इंटरनेटवर चालायचा. जोडणी व्हेरायझनची होती, सरकारी दराची, ‘अनलिमिटेड’ म्हणून घेतलेली. महिन्याचा ठरावीक डेटा संपला आणि कंपनीने वेग खाली आणला. दलप्रमुख अँथनी बोडन यांनी न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार तो मूळ वेगाच्या दोनशेव्या भागावर किंवा त्याहूनही खाली गेला. माणसं स्वतःचे मोबाइल वापरून काम रेटत होती. कंपनीला ईमेल गेले, फोन गेले. उत्तर आलं की महागडी योजना घ्या, मग वेग मिळेल. ती योजना दुपटीहून महाग होती. वणवा पेटलेला असताना दलाने ती घेतली.

व्हेरायझनने नंतर कबूल केलं की आणीबाणीत अशी मर्यादा उठवायचं आपलं धोरण आहे आणि ते पाळण्यात चूक झाली. पण याचा नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही, असंही कंपनीने बजावून सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या कंपनीचं म्हणणं बरोबर होतं, असं माझंही मत आहे. कोणतं ॲप वापरलं हे न बघता सगळाच डेटा मंद केला गेला होता. तो भेदभाव नव्हे, हातात घेतलेल्या योजनेतली बारीक अक्षरं होती. पण सरकारी खरेदीबद्दल बोलायचं तर ही घटना नेट न्यूट्रॅलिटीच्या कोणत्याही उदाहरणापेक्षा जास्त शिकवते. आग विझवणाऱ्यांसाठी इंटरनेट घेताना करारातला ‘अनलिमिटेड’ हा शब्द कोणी उलगडून पाहिला नव्हता. राज्याराज्यांचे गव्हर्नर कंपन्यांना तत्त्वं पाळायला सांगत असताना, अग्निशमन दलाच्या जोडणीचा वेग किती उतरणार हे एका साध्या दरपत्रकावर ठरत होतं.

तत्त्व पाळलं जातंय का, हे पाहायचं कोणी, हा पुढचा प्रश्न. व्हरमाँटने मे २०१८ मध्ये आपल्या आदेशाला कायद्याचं रूप दिलं. त्यानुसार कंपनीने प्रमाणपत्र मिळवायचं की आम्ही नियम पाळतो. ओरेगॉनने एप्रिलमध्येच सरकारी संस्थांच्या खरेदीवर अशी अट घालणारा कायदा केला होता, तो २०१९ च्या सुरुवातीपासून लागू झाला. त्याच वर्षी कोलोरॅडोने राज्याच्या ब्रॉडबँड अनुदानाला अशी अट जोडली आणि मेननेही सरकारी पैशाला. कायदा करण्यामागे व्यावहारिक कारण होतं. गव्हर्नरचा आदेश पुढचा गव्हर्नर एका सहीने पुसू शकतो, कायदा पुसायला विधिमंडळ लागतं. पण प्रमाणपत्र असो की कायदा, टेंडर उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तारेच्या आत डोकावता येत नाही. त्याला किंमत कळते, मुदत कळते, अनामत रक्कम कळते. व्हिडिओ मंद झाला तो गर्दीमुळे की मुद्दाम, हे त्याला कसं कळणार?

कळू शकतं आणि त्याची रीत मोठी गमतीदार आहे. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉफ्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वेहे’ नावाचं मोबाइल ॲप केलं आहे. यूट्यूब किंवा नेटफ्लिक्सवरून व्हिडिओ येतो तेव्हा डेटाची जी आवक-जावक होते, तिचं रेकॉर्डिंग या ॲपमध्ये असतं. ॲप ते रेकॉर्डिंग तुमच्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून जसंच्या तसं पुन्हा वाजवतं. मग तेवढ्याच आकाराचा, त्याच चालीचा डेटा पुन्हा पाठवतं, पण या वेळी त्यातले बिट्स उलटसुलट केलेले असतात, त्यामुळे हा यूट्यूबचा व्हिडिओ आहे हे जाळ्याला ओळखता येत नाही. दोन्ही वेळा वेग सारखा आला तर ठीक. पहिला मंद आणि दुसरा वेगवान आला, तर जाळं चेहरा बघून वागतंय. गर्दीची सबब इथे चालत नाही, कारण गर्दी दोघांनाही सारखीच. या गटाला आढळलं की अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्या व्हिडिओचा वेग सरसकट रोखून धरतात, गर्दी असो वा नसो, अगदी मध्यरात्रीही. फ्रान्सच्या दूरसंचार नियामकाने हेच साधन आपल्या नागरिकांच्या हाती दिलं.

आता पुन्हा त्या अटीकडे बघा. मोबाइल कंपनी आपल्या सगळ्या योजनांमध्ये व्हिडिओचा वेग रोखत असेल आणि ‘जाळ्याचं वाजवी व्यवस्थापन’ म्हणून तो सोडून द्यायचा असेल, तर प्रमाणपत्राला अर्थ काय? वाजवी व्यवस्थापनाची ही सूट राज्यांनी ठेवली होती आणि ती ठेवावीच लागते, कारण व्हायरस, स्पॅम आणि खरीखुरी गर्दी हाताळायला कंपनीला काहीतरी मोकळीक हवी. पण ती किती रुंद, हे कोणी मोजून दिलं नाही. माझ्या मते या खरेदी-अटींचा सगळ्यात लंगडा भाग हाच होता. मसुदा लिहायला वकील होते, तपासायला अभियंते नव्हते.

कंपन्यांना मात्र या अटी लंगड्या वाटल्या नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये केबल आणि मोबाइल कंपन्यांच्या संघटनांनी मिळून व्हरमाँटवर केंद्रीय न्यायालयात दावा ठोकला, गव्हर्नरच्या आदेशावर आणि नव्या कायद्यावरही. सव्वासहा लाख वस्तीचं राज्य आणि समोर देशातला सगळा उद्योग. त्याआधी काही दिवस, ३० सप्टेंबरला कॅलिफोर्नियाने थेट नियमनाचा कडक कायदा केला होता, तेव्हा गव्हर्नरच्या सहीला काही तास उलटायच्या आत केंद्राच्या न्याय खात्यानेच दावा दाखल केला. दोन्ही प्रकरणं थबकली, कारण सगळ्यांचे डोळे वॉशिंग्टनमधल्या एका अपील न्यायालयाकडे लागले होते. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने एफसीसीच्या २०१७ च्या आदेशालाच आव्हान दिलं होतं.

१ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला आणि त्यात दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळालं. नियम रद्द करण्याचा एफसीसीचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण राज्यांवरची सरसकट मनाई मोडीत काढली. कारण मोठं तर्कशुद्ध होतं. इंटरनेट सेवा ही आपल्या कडक नियमनाच्या कक्षेत येतच नाही, असं सांगून एफसीसीने नियम रद्द केले होते. ज्या क्षेत्रात मला अधिकारच नाही असं तुम्ही स्वतः म्हणता, त्या क्षेत्रात दुसऱ्याला मनाई करण्याचा अधिकार तुम्ही कुठून आणता, असं न्यायालयाने विचारलं. सार्वजनिक सुरक्षेचा विचार आयोगाने केलाच नाही, असा ठपकाही ठेवला. सँटा क्लारा काउंटी या खटल्यात पक्षकार होती आणि बोडन यांचं प्रतिज्ञापत्र न्यायाधीशांसमोर होतं.

या निकालाने खरेदीच्या वाटेचं महत्त्व एकाएकी कमी केलं. गिऱ्हाईक की राज्यकर्ता, साउथ डकोटाचं सिमेंट की विस्कॉन्सिनची काळी यादी, हा सगळा काथ्याकूट थेट नियम करायला बंदी होती म्हणून करावा लागत होता. तीच उठल्यावर आडवाटेने जायचं कारण उरलं नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयातही टिकला. न्यू यॉर्कने तर पुढची मजल मारली. गरीब कुटुंबांना १५ डॉलरमध्ये ब्रॉडबँड दिलंच पाहिजे, असा दर ठरवणारा कायदा केला आणि एप्रिल २०२४ मध्ये तोही अपिलात टिकला. एफसीसीने त्याच महिन्यात परत आणलेले केंद्रीय नियम मात्र २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने रद्द केले. त्यामुळे आज अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटी आहे की नाही, याचं उत्तर तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर अवलंबून आहे. पन्नास तऱ्हेचे नियम नकोत म्हणणाऱ्या कंपन्यांनी केंद्रातले नियम पाडले आणि पदरात पडली ती नेमकी हीच गोधडी.

भारतात हा प्रश्न या रूपात उद्भवलाच नाही. निवडक संकेतस्थळं आणि ॲप फुकट देऊ करणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ आणि ‘एअरटेल झीरो’ या योजनांवरून २०१५ मध्ये मोठं वादळ उठलं, लाखो लोकांनी ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाला ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी आली. पै यांच्या आदेशाआधी अवघे सोळा दिवस, २८ नोव्हेंबर २०१७ रोजी, ट्रायने वेग आणि अडवणूक यांबाबतही शिफारशी केल्या. केंद्राने त्या २०१८ मध्ये स्वीकारून थेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत घातल्या. शिवाय दूरसंचार हा आपल्याकडे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीचा विषय. महाराष्ट्र सरकारने ‘महानेट’ या आपल्या ब्रॉडबँड जाळ्यासाठी किंवा एखाद्या विद्यापीठासाठी बँडविड्थ घेताना टेंडरमध्ये नेट न्यूट्रॅलिटीचं कलम घालायची गरज नाही, परवान्यात ते आहेच. पण ‘अनलिमिटेड’ म्हणजे किती, मर्यादा संपल्यावर वेग किती उतरणार आणि पुराच्या किंवा दरड कोसळल्याच्या वेळी ती मर्यादा कोण उठवणार, हे परवान्यात नसतं. ते करारातच लिहून घ्यावं लागतं. सँटा क्लारात राहून गेलं ते हेच.

गिऱ्हाईकाच्या ताकदीला असलेली मर्यादा ओरेगॉनच्या विधिमंडळाने आधीच ओळखली होती. त्यांच्या कायद्यात एक अपवाद आहे. एखाद्या भागात घरोघरी जोडणी देणारी एकच कंपनी असेल, तर सरकारी संस्थेने तिच्याकडून सेवा घ्यायला हरकत नाही, मग ती नेट न्यूट्रॅलिटी पाळो वा न पाळो. कारण उघड आहे, शाळा आणि पोलीस चौकी ऑफलाइन ठेवून तत्त्व पाळता येत नाही. म्हणजे जिथे स्पर्धा नाही आणि म्हणून कंपनीच्या मनमानीची भीती सगळ्यात जास्त, तिथेच ही अट गळून पडते. विकणाऱ्याला नाही म्हणता येतं, हे जानेवारी २०२५ मध्ये न्यू यॉर्कलाही कळलं. पंधरा डॉलरचा कायदा लागू झाला त्याच आठवड्यात एटी अँड टीने आपली घरगुती वायरलेस इंटरनेट सेवा त्या राज्यातून काढून घेतली.